चोळांची देवळं पहिल्यांदा बघायला जाताना

तमिळनाडूत पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि वाटेत जमलं तर तंजावर. त्या ‘जमलं तर’मध्ये तंजावरच्या वाट्याला दोन तास येतात, तेही भर उन्हातले. नंदीसमोर एक फोटो, मोठ्या देवळासमोर एक फोटो, आणि गाडी पुढे. ज्या देवळाच्या भिंतींवर हजार वर्षांपूर्वीचा हिशेब अक्षर न् अक्षर शाबूत आहे, ते असं उरकलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझा आग्रह एवढाच आहे की कावेरीच्या खोऱ्यातल्या चोळ देवळांसाठी वेगळे चार दिवस काढा, देवळं मोजकीच घ्या आणि प्रत्येक देऊळ भिंतीच्या पायथ्यापासून बघायला सुरुवात करा. अभ्यासक असण्याची गरज नाही. थोडी तयारी आणि भरपूर सवड असली की पुरे.

१. आधी यादी छोटी करा

एकट्या कुंभकोणम परिसरात इतकी देवळं आहेत की महिनाभर फिरलात तरी संपणार नाहीत. म्हणूनच पहिल्या खेपेला तीनच मुख्य धरा: तंजावरचं बृहदीश्वर, गंगैकोंड चोळपुरमचं बृहदीश्वर आणि दारासुरमचं ऐरावतेश्वर. तंजावरचं देऊळ १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि २००४ मध्ये उरलेली दोन त्याला जोडली गेली. त्या नोंदीत त्यांना ‘जिवंत’ चोळ देवळं म्हटलंय, आणि ते खरंच आहे. तिन्हीकडे आजही रोजची पूजा चालते.

बघायचा क्रमही हाच ठेवा. राजराज पहिला याने तंजावरचं देऊळ १०१० साली पुरं केलं. त्याचा मुलगा राजेंद्र पहिला याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात गंगैकोंड चोळपुरम वसवलं. दारासुरम हे राजराज दुसरा याचं, म्हणजे बाराव्या शतकाच्या मधल्या काळातलं. या क्रमाने गेलात तर एकाच घराण्याची आवड दीडशे वर्षांत कशी बदलत गेली ते आपोआप दिसतं: आधी भव्यता, मग डौल, मग नाजूक काम. उलटा क्रम घेतला की दारासुरमचं बारीक काम बघून तृप्त झालेल्या डोळ्यांना तंजावर नुसतंच मोठं वाटतं.

२. केव्हा जायचं, कसं पोचायचं

महाराष्ट्रात पाऊस संपतो तेव्हा तिथे खरा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. त्यामुळे दिवाळीच्या सुटीतला बेत आखताना सावध राहा. दारासुरमचं आवार रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि जोराच्या पावसात तिथे पाणी साचतं. एप्रिल-मे तर टाळाच, दगड इतका तापतो की अनवाणी दोन पावलं टाकवत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यांत चांगले. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यांचा मार्गळी महिना असतो. तेव्हा देवळं पहाटे लवकर उघडतात, दारोदारी मोठमोठ्या रांगोळ्या असतात आणि तिरुप्पावै-तिरुवेंबावै या भक्तिगीतांचे सूर कानावर येतात. पहाटे उठायची तयारी असेल तर मार्गळीसारखा दुसरा काळ नाही. पोंगलच्या आसपास मात्र गाड्या आणि खोल्या आधीच भरलेल्या असतात.

मुंबई-पुण्याहून चेन्नई गाठावी आणि चेन्नई एग्मोरहून रेल्वेने तंजावर किंवा कुंभकोणमला उतरावं. ‘उळवन एक्स्प्रेस’ रात्री निघून सकाळी पोचवते. विमानानेच जवळ जायचं तर तिरुचिरापल्लीला उतरा, तिथून तंजावर साधारण तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. तंजावर ते कुंभकोणम सुमारे ४० किलोमीटर, बस सतत असतात. एक रात्र तंजावरला आणि पुढच्या कुंभकोणमला काढल्या की फारशी धावपळ होत नाही.

बसच्या पाट्या बहुतेक तमिळमध्येच असतात. आपल्याला हवी ती तीन-चार गावांची नावं तमिळ लिपीत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद वाहकाला दाखवा. बोलताना वयाने मोठ्या पुरुषाला ‘अय्या’ किंवा ‘अण्णा’, बाईंना ‘अम्मा’ म्हटलं की समोरचा माणूस थांबून ऐकतो. ‘कोविल तिरंदिरुक्का?’ म्हणजे देऊळ उघडं आहे का, हे एवढं एक वाक्य पाठ करून जा. रोज लागतं.

३. दुपारी देव झोपतो, हे धरून दिवस आखा

नवख्या लोकांचा सगळ्यांत जास्त वेळ इथे वाया जातो. बहुतेक देवळं सकाळी सहाच्या सुमारास उघडतात, बारा-साडेबाराला बंद होतात आणि चार वाजता पुन्हा उघडून रात्री साडेआठपर्यंत चालू राहतात. लहान गावातल्या देवळाचं तर पुजारी येतील तेव्हा खरं. म्हणून मुख्य देऊळ सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत घ्या. दुपार संग्रहालय, जेवण आणि प्रवासासाठी राखा.

त्रयोदशीच्या संध्याकाळी प्रदोष असतो. त्या दिवशी नंदीला अभिषेक होतो आणि तंजावरच्या आवारात माणसांचा समुद्र लोटतो. सोहळा बघायचा असेल तर मुद्दाम जा. निवांत शिल्पं बघायची असतील तर ती संध्याकाळ सोडा.

४. आपल्या सवयी थोड्या बाजूला ठेवा

आपण शंकराच्या देवळात गेलो की घंटा वाजवतो, गाभाऱ्यात उतरतो, पिंडीवर स्वतःच्या हाताने पाणी घालतो, बेल वाहतो. इथे त्यातलं जवळजवळ काहीच नाही. गाभाऱ्यात फक्त पुजारी जातात आणि आपण बऱ्याच अंतरावरून दर्शन घ्यायचं. पहिल्यांदा हे जरा परकं वाटतं. मात्र अंधाऱ्या गाभाऱ्यात पुजारी कापराची आरती वर नेतात आणि तेवढ्या उजेडात लिंग क्षणभर दिसतं, तेव्हा हे अंतर कशासाठी राखलंय ते समजतं.

आपल्याकडे शंकराला अर्धी प्रदक्षिणा घालून तीर्थाच्या पन्हाळीपाशी मागे फिरायचं, ही शिकवण असते. इथे भाविक आवारातून पूर्ण प्रदक्षिणा घालतात, तुम्हीही घाला. वाटेत उत्तर बाजूला, पन्हाळीजवळ, चंडिकेश्वराचं छोटं देऊळ लागेल. लोक तिथे हलकेच टाळी वाजवतात. शिवाच्या घरातून आम्ही काही नेत नाही, हे त्याला दाखवायचं अशी समजूत आहे.

अर्चना करायची असेल तर खिडकीवर पावती घ्या. पुजारी नाव आणि नक्षत्र विचारतात, कधी गोत्रही विचारतात. घरातल्या सगळ्यांची नक्षत्रं निघण्याआधीच लिहून घ्या, कारण ऐनवेळी कोणालाच आठवत नाहीत. शिवमंदिरात विभूती मिळते. विष्णुमंदिरात तीर्थ आणि तुळस मिळते आणि डोक्यावर क्षणभर शठारी, म्हणजे देवाच्या पादुका असलेला मुकुट, ठेवतात. तेव्हा मान थोडी खाली करायची.

कपडे साधे आणि अंगभर असावेत. काही देवळांत पुरुषांना सदरा काढायला सांगतात, म्हणून खांद्यावर एक उपरणं असलेलं बरं. चपला दाराशी ठेवायच्या. उन्हाची भीती असेल तर जाडसर मोजे जवळ ठेवा. गाभाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, बाहेरच्या शिल्पांचे काढायला साधारणपणे हरकत नसते.

५. भिंतीचा नकाशा पाठ करा

एवढी एक गोष्ट शिकून गेलात तर सहल वसूल होते. पूर्वेकडे तोंड असलेल्या चोळ शिवमंदिराच्या बाहेरच्या भिंतीत कोनाडे असतात, त्यांना देवकोष्ठ म्हणतात. कोणत्या कोनाड्यात कोण बसणार हे बरंचसं ठरलेलं असतं. प्रदक्षिणा सुरू केली की दक्षिण बाजूला आधी गणपती, मग गाभाऱ्याच्या दक्षिण भिंतीत दक्षिणामूर्ती, म्हणजे वडाखाली बसून मौनाने शिकवणारा शिव. मागच्या पश्चिम भिंतीत लिंगोद्भव, म्हणजे लिंगातून प्रकटणारा शिव, किंवा विष्णू. उत्तरेला ब्रह्मदेव आणि पुढे दुर्गा. एवढा क्रम डोक्यात असला की अनोळखी खेड्यातल्या देवळातही तुम्हाला वाट सापडते, आणि मोठ्या देवळांत शिल्पकाराने हा क्रम कुठे वाढवला, कुठे मोडला, तेही दिसायला लागतं.

दुसरी खूण उंचीची. गाभाऱ्यावर चढत जाणारं ते विमान आणि आवाराच्या दारावरचं ते गोपुर. सुरुवातीच्या चोळ देवळांत विमान उंच आणि गोपुर बुटकं असतं. पुढच्या शतकांत हे उलटं होत गेलं. श्रीरंगमला गेलात तर राजगोपुर ७२ मीटर उंच दिसेल (ते १९८७ साली पुरं झालं) आणि मूळ गाभाऱ्याचं सोनेरी विमान आतल्या आत लपलेलं असेल.

हा नकाशा तंजावरला एकदम लावायला जाल तर गोंधळाल, कारण तिथे सगळंच अवाढव्य आहे. सराव लहान देवळावर करावा. तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर पशुपतिकोविलजवळ पुळ्ळमंगै नावाचं खेडं आहे. तिथलं ब्रह्मपुरीश्वराचं देऊळ दहाव्या शतकाच्या सुरुवातीचं, परांतक पहिला याच्या काळातलं. बाहेरून अगदी साधं. पण भिंतीच्या पायथ्याशी वाकून बघा: वीतभर चौकोनांत रामायणातले प्रसंग कोरलेत. नुसतं उभं राहून बघणाऱ्याला ते दिसत नाहीत, उकिडवंच बसावं लागतं. तेच कुंभकोणमच्या नागेश्वर देवळाचं. त्याच्या कोनाड्यांतल्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती इतक्या जिवंत आहेत की त्या राजघराण्यातल्या माणसांच्या असाव्यात असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

६. तंजावर: दोनदा जा

एकदा संध्याकाळी, एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी तिरप्या उन्हात विमानाचा दगड सोनेरी होतो आणि गावकरी मंडळी मुलाबाळांसह आवारात येऊन बसतात. त्या वेळी फक्त हिंडा. शिल्पं आणि लेख सकाळसाठी ठेवा.

सकाळी आत शिरताना एकामागून एक तीन दारं लागतात. बाहेरचं मराठा काळातलं, मग केरळांतकन आणि मग राजराजन. केरळांतकन हे नाव केरळच्या चेर राजावरच्या विजयाची आठवण म्हणून ठेवलेलं. राजराजन दाराशी दोन्ही बाजूंच्या द्वारपालांसमोर थांबा. त्यांच्या गदेला विळखा घातलेला साप बघा, आणि त्या सापाच्या तोंडात काय आहे ते बघा. तो हत्ती गिळतोय. हत्ती केवढा, तो गिळणारा साप केवढा, आणि तो साप ज्याच्या पायाशी वेटोळं घालून पडलाय तो द्वारपाल केवढा! आता द्वारपालाच्या हाताकडे बघा. एक बोट आतल्या बाजूला दाखवतंय: आत जो बसलाय तो माझ्याहून मोठा. देव किती मोठा आहे हे शिल्पकाराने एकही शब्द न वापरता दारातच सांगून टाकलंय.

आवार सुमारे २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद, म्हणजे एकाला एक लागून दोन चौरस. विमान तेरा मजली आणि साधारण दोनशे फुटांच्या वर उंच. सगळं ग्रॅनाइटचं, आणि तंजावर तर भातशेतीच्या सपाट गाळाच्या प्रदेशात, जवळपास असा दगडच नाही. दोन गोष्टी मार्गदर्शक हटकून सांगतील: या देवळाची सावली जमिनीवर पडत नाही, आणि शिखराचा घुमट एकाच अखंड दगडाचा आहे. सावली पडते, सकाळी स्वतःच बघा. घुमटही अनेक दगड जोडून केलेला आहे. या दंतकथांची या देवळाला गरज नाही, कारण खरी हकिकतच पुरेशी थक्क करणारी आहे आणि ती भिंतीवर लिहिलेली आहे.

विमानाच्या पायथ्याच्या उभारणीवर, दगडाच्या गोलसर आणि सपाट पट्ट्यांवर, सलग तमिळ अक्षरं दिसतील. राजराजाने आज्ञा दिली होती: आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं या दगडी विमानावर कोरा. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. राण्यांच्याही आधी तिचं नाव आहे. आणि मग जे कोरलंय ती एका चालत्या संस्थेची जमाखर्चाची वही आहे. एक दिवा अखंड तेवत राहावा म्हणून तुपाची सोय हवी, तर त्यासाठी ९६ मेंढ्या किंवा ४८ गायी किंवा १६ म्हशी गवळ्याकडे सोपवायच्या, आणि त्याने रोज ठरलेलं माप तूप आणून द्यायचं. देवळाचा पैसा गावसभांना कर्जाऊ दिला, तर व्याज साडेबारा टक्के. देवाच्या सेवेसाठी वेगवेगळ्या गावांतून आणलेल्या ४०० नर्तकींची नावं आहेत, त्या कुठल्या देवळातून आल्या ते आहे, कोणत्या रांगेतलं कितवं घर कोणाला दिलं तेही आहे. प्रत्येकीला वर्षाचं १०० कलम (धान्याचं तिथलं माप) भात. राजाच्या पंचविसाव्या वर्षाच्या २७५व्या दिवशी शिखरावर बसवायला तांब्याचा कलश दिल्याची नोंदही इथेच सापडते, आणि १०१० हे साल त्यावरूनच येतं.

तमिळ येत नसलं तरी पायथ्यावरून डोळे फिरवत एक पूर्ण फेरी मारा. अक्षरं समजत नसली तरी अख्ख्या देवळाभोवती ती किती दूर जातात हे चालून बघितल्याशिवाय कळत नाही. जर्मन पुरालेखतज्ज्ञ हुल्ट्श यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे लेख वाचले, तेव्हा कुठे हे देऊळ राजराजाचं हे नक्की झालं. त्याआधी कर्त्याचं नाव लोकांच्या आठवणीतून गेलेलं होतं.

आतल्या प्रदक्षिणामार्गातली चोळकालीन भित्तिचित्रं १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांना सापडली. चोळांनंतरच्या नायक राजांच्या काळात त्यांच्यावर दुसरा थर चढवून नवी चित्रं काढलेली होती, म्हणून ती झाकून राहिली. ती सगळ्यांना बघायला खुली नाहीत, आवारातल्या माहिती केंद्रात त्यांची छायाचित्रं बघून घ्या. त्या प्रदक्षिणामार्गाच्या वरच्या मजल्यावर नृत्याच्या १०८ करणांपैकी (नाचातल्या ठरावीक हालचालींपैकी) ८१ कोरलेली आहेत आणि उरलेल्या जागा कोऱ्याच आहेत. नंदी अखंड दगडाचा, पण तो नायक काळातला, म्हणजे देवळाहून पुष्कळ धाकटा. वायव्येचं सुब्रह्मण्याचं देऊळही नायकांचं. त्याच्या भिंती बारीक कलाकुसरीने भरलेल्या आहेत, तिथे अर्धा तास तरी द्या.

७. आपला शिलालेख शोधा

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं आणि भोसल्यांचं राज्य तिथे १८५५ पर्यंत टिकलं. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत दोघा भावांची भेट झाली तीही याच परिसरात, कोळ्ळिडम या कावेरीच्या फाट्याच्या काठी. पुढे सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत लिहवून घेऊन बृहदीश्वराच्या आवारातच कोरवला. नैऋत्य बाजूच्या भिंतीवर तो आहे. राजराजाच्या तमिळ हिशेबापासून काही पावलांवर, त्याच दगडी परंपरेत, तुमची भाषा उभी आहे. तिथे थांबून निदान चार ओळी वाचायचा प्रयत्न करा. गर्दीतली बहुतेक मंडळी त्या भिंतीकडे न बघताच पुढे जातात, आणि मराठी मंडळीही त्याला अपवाद नाहीत. आजही या देवळाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडेच आहे.

दुपारी देऊळ बंद झालं की राजवाड्यात जा. मराठ्यांचा रंगीत दरबार हॉल, सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय आणि कलादालन, सगळं एकाच आवारात आहे. सरस्वती महालात मोडीतल्या कागदपत्रांचे हजारो रुमाल आहेत. ते अभ्यासकांसाठी, पण संग्रहालयात मांडलेलं सगळ्यांना बघता येतं. कलादालनात चोळ काळातल्या कांस्यमूर्ती घाई न करता बघा.

तिथेच एक काळसर दगडाचा द्वारपाल आहे. पूर्वी तो दारासुरमला होता. त्याच्या बैठकीवर तमिळ लेख आहे: कल्याणपुरम जाळून हा आणला. कल्याणपुरम म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी, आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या लातूर-उमरग्याच्या सीमेला लागून. अकराव्या शतकाच्या मध्यात राजेंद्राचा मुलगा राजाधिराज याने तो विजयचिन्ह म्हणून इतक्या दूर वाहून आणला. चोळ द्वारपाल बघितल्यावर लगेच हा बघितलात तर दख्खनच्या आणि तमिळ हाताच्या घडणीतला फरक तुम्हाला स्वतःला सांगता येईल.

८. गंगैकोंड चोळपुरम

कुंभकोणमहून सुमारे ३५ किलोमीटर. जयंकोंडमकडे जाणाऱ्या बस मिळतात, पण सकाळी लवकर पोचायचं तर गाडी ठरवावी हे बरं. इथे शहर नाही, बाजार नाही, हिरवळीत एकटं देऊळ उभं आहे. राजेंद्राचं सैन्य गंगेपर्यंत गेलं, तिथलं पाणी आणलं, आणि राजाने नवी राजधानी वसवून चोळगंगम नावाचा प्रचंड तलाव बांधला. तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात या तलावाला पाण्याचा विजयस्तंभ म्हटलंय. ही राजधानी पुढे सुमारे अडीचशे वर्षं चालली. आज त्यातलं मुख्यतः देऊळच उरलंय, आणि तेही धड नाही. १८३६ मध्ये कोळ्ळिडमवर बंधारा बांधताना ब्रिटिशांनी इथल्या तटाचा दगड उचलून नेला.

विमानाच्या कडा बघा. तंजावरला त्या सरळ रेषेत चढतात, इथे आत वळत, झुकत जातात. उंची बापाच्या देवळापेक्षा कमी ठेवलीय. मग उत्तरेकडच्या पायऱ्यांपाशी या. तिथे चंडेशानुग्रहाचं शिल्प आहे, आणि या सगळ्या प्रवासातलं माझं सगळ्यांत आवडतं काही असेल तर तेच.

कथा अशी: एक गुराखी पोर वाळूचं लिंग करून गायींच्या दुधाने अभिषेक करत बसायचं. बापाने चिडून ते लाथाडलं. पोराने हातातली काठी फेकली, तिची कुऱ्हाड झाली आणि बापाचा पाय तुटला. शिव प्रकटला, आजपासून तुझा बाप मी, म्हणाला आणि त्याने त्याला आपल्या गणांचा मुख्य केलं. टाळी वाजवून भेटायचा तो चंडिकेश्वर हाच. शिल्पात शिव-पार्वती बसलेत आणि पोर हात जोडून खाली वाकलंय. शिव स्वतःच्या हातांनी त्याच्या डोक्याभोवती फुलांची माळ गुंडाळतोय. त्याची बोटं बघा, केस बांधणाऱ्या आईची असतात तशी सांभाळून चाललेली. राजेंद्राने स्वतःलाच त्या पोराच्या जागी पाहिलं असावं, असं बरेच जण मानतात. मला ते पटतं. जवळच ज्ञानसरस्वतीची मूर्ती आहे, तीही चुकवू नका. आतल्या मंडपात नवग्रह एकाच दगडात कमळासारखे कोरलेत.

९. दारासुरम: शेवटी आणि सावकाश

कुंभकोणमपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. विमान जेमतेम २४ मीटर, म्हणजे तंजावरच्या निम्म्याहून कितीतरी कमी. इथे वर बघू नका, खाली बघा. राजगंभीरन मंडप रथासारखा आहे, बाजूला दगडी चाकं आणि उधळलेले घोडे. बाहेर बलिपीठाच्या पायऱ्या दगडाने ठोकल्या की वेगवेगळे सूर निघतात म्हणून प्रसिद्ध आहेत. लोकांनी ठोकून ठोकून त्या झिजवल्या, म्हणून आता जाळी लावलीय.

मुख्य काम आहे ते देवळाच्या पायथ्याच्या पट्टीवर. बाराव्या शतकात सेक्किळारने ६३ नायनार, म्हणजे शिवभक्त संतांच्या कथा ‘पेरियपुराणम्’मध्ये सांगितल्या. त्याच शतकात त्या इथे छोट्या चौकोनांत कोरल्या गेल्या, वर छोट्या तमिळ मथळ्यांसकट. सुंदरर गातायत आणि मगरीच्या जबड्यातून गिळलेलं पोर परत बाहेर येतंय, हा चौकोन शोधा. तमिळ संतपरंपरा ठाऊक नसेल तर निघण्याआधी कण्णप्प, सुंदरर आणि तिरुज्ञानसंबंधर या तिघांच्या गोष्टी तरी मुलांबरोबर वाचून ठेवा. तुकोबा-चोखोबांच्या गोष्टींवर वाढलेल्या मुलांना त्या लगेच आपल्या वाटतात. बैल आणि हत्ती यांना मिळून एकच डोकं दिलेलं शिल्पही इथलंच. अर्धं झाकून बघितलं की बैल, दुसरं अर्धं झाकलं की हत्ती. शेजारचं देवीचं देऊळ वेगळ्या आवारात आहे, तिकडेही डोकवा.

दारासुरमच्या गल्ल्यांत रेशमाचे माग चालतात. जवळच स्वामीमलैला स्थपतींच्या, म्हणजे मूर्तिकारांच्या, कार्यशाळा आहेत. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचं लिंपण, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस, ही चोळांच्या काळची पद्धत तिथे अजून रोजचं काम म्हणून चालते. दुपारची वेळ घालवायला यापेक्षा चांगली जागा नाही. विकत काही घेतलंच पाहिजे असं नाही, बघू का म्हणून विचारलं की बहुतेक जण दाखवतात.

१०. एखादा दिवस जास्त असेल तर

कुंभकोणम गावात शारंगपाणी आणि रामस्वामी ही दोन घ्या. रामस्वामी देवळाचे कोरीव खांब नायक काळातले आहेत. महामहम तलावावर दर बारा वर्षांनी मोठा मेळा भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये. गर्दी नको असेल तर त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इकडे येऊ नका. नवग्रहांची नऊ देवळं एका दिवसात करून देतो म्हणणारे गाडीवाले कुंभकोणमला भेटतील. श्रद्धा असेल तर अवश्य जा, पण मग त्या दिवसात चोळ शिल्पं बघायची आशा ठेवू नका.

नटराजाचं चिदंबरम मात्र जमलं तर कराच. तिथली व्यवस्था दीक्षितर या पुजाऱ्यांकडे असते, त्यांच्या डोक्याची एका बाजूला बांधलेली शेंडी लगेच ओळखू येते. इथे शिव मूर्तिरूपात, नाचताना पूजला जातो, आणि आकाशलिंग म्हणून पडद्यामागची रिकामी जागा दाखवतात. त्याच अंगणात गोविंदराज पेरुमाळ, म्हणजे विष्णूही आहे, त्यामुळे एका जागी उभं राहून दोघांचं दर्शन होतं. तंजावरला ८१ वर थांबलेली करणं इथे गोपुरांच्या आतल्या भिंतींवर १०८ च्या १०८ मिळतात. सकाळी लवकर पोचलात तर दुपारी बंद व्हायच्या आत चारही गोपुरं सवडीने बघून होतात.

आणि तारखा तुमच्या हातात असतील तर ऐप्पसी महिन्यातली, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली पौर्णिमा बघून ठेवा. त्या दिवशी तंजावर आणि गंगैकोंड चोळपुरम दोन्हीकडे अन्नाभिषेक होतो, अख्खं लिंग शिजवलेल्या भाताने झाकतात. पावसाचा काळ असतो, छत्री घ्या, आणि राहायची सोय खूप आधी करा.